हँग : लक्षणे, निदान आणि उपचार

डेस्कटॉपवर खेळ किंवा काम रंगात आलेले असताना पडद्यावरचे चित्र जिथल्या तिथे थांबते, माऊसचा बाण हलत नाही आणि स्पीकरमधून शेवटचा आवाज अडकलेल्या तबकडीसारखा घरघरत राहतो. या अवस्थेला मराठीत ‘हँग होणे’ म्हणतात. ‘गोठणे’ हा शब्द उपलब्ध आहे, पण तो वापरून फोनवर तक्रार नोंदवली तर पलीकडचा माणूस फ्रिज किती लिटरचा आहे ते विचारतो. हँग होण्याची वेळ सहसा ठरलेली असते. रिकामा डेस्कटॉप दिवसभर निर्धोक उघडा राहतो. खेळातला शेवटचा राक्षस अर्धमेला झाला, की पडदा थांबतो. यात राक्षसाची पुण्याई नसते. अशा प्रसंगी ग्राफिक्स कार्डावरचा भार, त्याने खेचलेली वीज आणि तासाभरात साठलेली उष्णता ही तिन्ही एकदम शिगेला पोचतात, आणि ज्या भागात कच्चेपणा असेल तो भाग त्याच वेळी हात टेकतो. दोष दिसतो पडद्यावर, पण त्याचे बिऱ्हाड पाच-सहा ठिकाणांपैकी कुठेही असू शकते. निदानाची सगळी कटकट या अंतरातून जन्माला येते.

आधी संबंधित अवयवाची ओळख. मराठी घरात टेबलाखालच्या संपूर्ण पेटीला ‘सीपीयू’ म्हणतात. वास्तविक सीपीयू ही त्या पेटीतली तळहातात मावणारी एक चिप असते, आणि ग्राफिक्स कार्ड हा तिचा त्याच पेटीत राहणारा, तिच्याहून कित्येक पट धिप्पाड सहकारी. कामाची वाटणी लग्नातल्या पंगतीसारखी असते. सीपीयू हा आचारी : माणूस एक, डोके तल्लख, सगळे निर्णय त्याचे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढपी : एकेकाचे काम साधे, पण संख्या अफाट. १९२० बाय १०८० च्या साध्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी पानांवर वाढायचे. त्यासाठी २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डावर १६,३८४ वाढपी ठेवलेले आहेत. ‘जीपीयू’ हे नाव रूढ झाले ते १९९९ मधल्या जीफोर्स २५६ या कार्डाच्या जाहिरातींमुळे. त्याआधीही वाढपी होतेच, पदनाम नव्हते.

वाढपी वरणाचे भांडे हातात घेऊन मधेच उभा राहिला, तर पंगत अडते. विंडोज एक्सपीच्या काळात अशी पंगत अडली की मांडव सोडण्याखेरीज इलाज नसे. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून यावर देखरेख सुरू झाली. दिलेल्या कामावर ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत हूं की चूं केले नाही, तर विंडोज त्याला बेशुद्ध समजते, ड्रायव्हरसकट उठवून पुन्हा कामाला लावते आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो सावरला आहे’ अशा अर्थाचा निरोप देते. ज्या देशात दाखल्यासाठी ‘पुढच्या आठवड्यात या’ हे तत्पर उत्तर मानले जाते, तिथे दोन सेकंदांची ही मुदत फारच जाचक वाटते, आणि बरेच जण रजिस्ट्रीत शिरून ती आठ-दहा सेकंद करून ठेवतात. एखादे जड काम खरोखरच तीन सेकंदांचे असेल तर याचा उपयोग होतो. कार्ड खरेच बेशुद्ध पडत असेल, तर फायदा एवढाच की ते दहा सेकंद बेशुद्ध राहते.

निदानाची पहिली पायरी म्हणजे हँगची जात ओळखणे. यासाठी लागणारे उपकरण प्रत्येक कीबोर्डवर असते : कॅप्स लॉक. ते दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, मागे गाणे चालू असेल, तर संगणक शुद्धीवर आहे आणि फक्त चित्र अडकले आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होतो, एक ‘टिक’ ऐकू येते आणि पुष्कळदा काम वाचते. दिवाही हलत नसेल तर पूर्ण यंत्र अडकले आहे, आणि ग्राफिक्स कार्डाइतकाच संशय रॅम, मदरबोर्ड व वीजपुरवठ्यावर घ्यावा लागतो. पडदा काळा होऊन कार्डाचे पंखे विमान सुटल्यासारखे गर्जू लागले, तर कार्डाशी संपर्क तुटलेला असतो. चित्रावर रंगीत चौकोन, उभ्या रेघा, पैठणीच्या बुट्ट्यांसारखे ठिपके उमटू लागले, तर कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर संशय जातो. आणि यंत्र अडकण्याऐवजी फटकन बंदच पडत असेल, तर तो हँग नव्हेच. ती एसएमपीएसने किंवा यूपीएसने घेतलेली रजा असते.

प्रत्यक्षात मात्र निदानाची पहिली पायरी म्हणजे घरातली बैठक. हिच्यात मते तयारच असतात. आईच्या मते सारखे गेम खेळून संगणक दमला आहे. वडिलांच्या मते कुठली तरी वायर सैल आहे. आजोबा दसऱ्याला पूजा नीट झाली नसल्याकडे लक्ष वेधतात. शेजारचा मुलगा हिंजवडीला आयटीत असतो म्हणून त्याला बोलावले जाते. तो बँकांसाठी जावामध्ये प्रोग्रॅम लिहितो आणि पेटीचे झाकण कोणत्या बाजूने उघडते हे त्याला ठाऊक नसते, पण अब्रूचा प्रश्न असल्याने ‘रॅम वाढवून बघा’ असे सांगून तो चहा घेतो. शेवटी येणारा दुरुस्तीवाला झाकण न उघडताच ‘फॉरमॅट मारून टाकू’ म्हणतो. या मतांतली गंमत अशी की, शेवटची दोन सोडली तर बाकी सगळी अंशतः बरोबर असतात. यंत्र खरोखर भाराने तापते, वायर खरोखर सैल असते, आणि पूजेच्या वेळी कॅबिनेटवर वाहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या वरच्या जाळीतून आत पडून पंख्यात सापडल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांत ऐकायला मिळतात.

यानंतर कागदपत्रे तपासावीत. विंडोज प्रत्येक घटनेची नोंद ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाच्या दप्तरात ठेवते. हँग झाल्यावर यंत्र बटण दाबून बंद केले असेल, तर तिथे लाल खुणेसह ‘कर्नल-पॉवर ४१’ ही गंभीर नोंद सापडते आणि मालकाला खुनी सापडल्याचा आनंद होतो. नोंदीचा अर्थ एवढाच असतो की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. हा पंचनामा असतो : इसम मृतावस्थेत आढळला, कारण नमूद नाही. त्याच्या आगेमागे ‘डिस्प्ले ४१०१’ ही नोंद असेल तर ड्रायव्हर पडून उठल्याचे कळते; ‘व्हीया लॉगर’च्या नोंदी असतील तर हार्डवेअरने स्वतः तक्रार केल्याचे कळते. काहीच नसेल, तर यंत्राला लिहायलाही उसंत मिळाली नाही, आणि संशय विजेकडे वळतो.

संशयितांपैकी पहिला ड्रायव्हर, कारण त्याची तपासणी फुकट होते. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. त्याची ख्याती जुनी आहे : व्हिस्टासंबंधीच्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची जी अंतर्गत कागदपत्रे उघड झाली, त्यांत २००७ मधल्या व्हिस्टाच्या नोंदवलेल्या क्रॅशांपैकी जवळपास २९ टक्के एनव्हीडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या नावावर सुमारे १८ टक्के. पुढे परिस्थिती पुष्कळ सुधारली, तरी नव्या ड्रायव्हरने एक खेळ दुरुस्त करताना दुसरा मोडणे अजून चालू आहे. जुना ड्रायव्हर काढण्याची नेहमीची रीत भाडेकरूने खोली सोडण्यासारखी असते. माणूस जातो, खिळे आणि कॅलेंडरे राहतात. म्हणून ‘डीडीयू’ या छोट्या प्रोग्रॅमने, सेफ मोडमध्ये, सगळे झाडून काढतात आणि मग कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडचा ताजा ड्रायव्हर टाकतात. हँग एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर त्याआधीची आवृत्ती टाकून पाहतात. या दोन्ही वेळी इंटरनेटची वायर काढून ठेवावी लागते, नाहीतर विंडोज मदतीच्या उमाळ्याने आपल्या मनातला ड्रायव्हर परस्पर बसवते.

दुसरा संशयित उष्णता. कार्डाचे तापमान दाखवणारे प्रोग्रॅम मोफत मिळतात. भाराखाली ६५ ते ८० अंश सेल्सिअस हे बहुतेक कार्डांचे रोजचे आयुष्य असते. ९० च्या आसपास गेल्यावर कार्ड आपणहून वेग कमी करते. कार्डाचा कूलर हवा गार करत नाही, फक्त उष्णता हवेत सोडतो, हे इथे ध्यानात ठेवावे लागते. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारे कार्ड चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या खोलीत, ढोबळमानाने ९० कडे सरकते. दिवाळीत सुखाने खेळलेला खेळ परीक्षा संपल्यावर सुट्टीतच का हँग होतो, याचे हे सरळ उत्तर आहे. त्यातून संगणकाच्या टेबलात कॅबिनेटसाठी सुतार जो कप्पा करतो, तो तिन्ही बाजूंनी बंद आणि समोर दार असलेला असतो. देव्हाऱ्यासाठी ही रचना उत्तम आहे.

धूळ हा याच प्रकरणाचा पोटविभाग. वर्षभरानंतर कार्डाच्या पंख्यामागे राखाडी गोधडी तयार होते. तीत केस, अगरबत्तीची राख, फोडणीचा धूर आणि क्वचित पालीची शेपटी इतके पदार्थ असतात. ती ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेच्या जोराने ती मोकाट फिरली तर बेअरिंग खराब होते. ही साफसफाई घराबाहेर करतात. घरात करणारे ती दुसऱ्यांदाही घराबाहेरच करतात. साफ करूनही तापमान उतरत नसेल, तर चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळलेली असते. जुनी पुसून तिथे वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावायची असते. तीही थर्मल पेस्टच. ट्यूबचा आकार सारखा असला तरी दातांची चालत नाही.

तिसरा संशयित एसएमपीएस, म्हणजे विजेचा डबा. असेंबल केलेल्या संगणकाचे अंदाजपत्रक करताना कार्डावर चाळीस हजार मोकळ्या मनाने खर्च होतात आणि उरलेल्या पैशांत ‘कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो’ डबा बसवला जातो. हे मारुतीला वाहिलेल्या शेंदरासारखे आहे : मूर्ती दगडाची, थाट वरचा. हिशेब असा आहे. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, सहा पिनांची वायर आणखी ७५, आठ पिनांची १५०. त्यापुढे भुकेल्या कार्डांसाठी २०२२ पासून १६ पिनांचा कनेक्टर आला, जो ६०० वॅटपर्यंत वाहू शकतो. तो शेवटपर्यंत नीट बसला नाही तर वितळतो, हे त्याच वर्षी आरटीएक्स ४०९० च्या काही ग्राहकांनी दाखवून दिले. ४०९० एकटे ४५० वॅट घेते. घरातला चटणीचा मिक्सर साधारण तेवढेच घेतो, पण चटणी दोन मिनिटांत होते.

शिवाय कार्डाची भूक सरळ रेषेत नसते. स्फोट, धूर, पळापळ असे दृश्य आले की सेकंदाच्या अत्यल्प अंशासाठी ते ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. कागदावर पुरेसा असलेला डबा नेमका तिथे ढेपाळतो, व्होल्ट खाली येतात आणि पडदा थांबतो किंवा यंत्र बंद पडते. एटीएक्स ३.० या २०२२ च्या नियमावलीत अशा उसळ्या सोसण्याची अट म्हणूनच घातली गेली. डब्यावरचे ‘८० प्लस’चे चिन्ह किती वीज वाया जात नाही एवढेच सांगते; डबा किती तग धरेल हे सांगत नाही. दोन आठ-पिनी तोंडे असलेल्या कार्डाला डब्याकडून दोन वेगळ्या वायरी आणाव्यात, एकाच वायरीला फुटलेली दोन तोंडे लावू नयेत, एवढ्या बदलानेही काही हँग बरे झाले आहेत. घरगुती यूपीएसचीही इथे झडती होते. त्याच्यावर ६०० व्हीए लिहिलेले असते, पण प्रत्यक्ष ताकद बहुधा ३६० वॅट असते. वीज गेल्यावर तो खेळ सेव्ह करायला वेळ देतो हा समज खेळ चालू नसतानाच टिकतो.

चौथा संशयित जोडणी. कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा पक्के बसवणे हा उपाय हास्यास्पद वाटतो आणि वारंवार लागू पडतो. आपल्याकडे यात एका संस्काराची भर आहे : कार्डाच्या सोनेरी पट्ट्या शाळकरी खोडरबराने घासणे. पट्ट्यांवरचा मळ त्याने खरोखर निघतो, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत. मात्र पांढरे, मऊ रबर घ्यावे, हलक्या हाताने पुसावे आणि चुरा स्लॉटात पडू देऊ नये. शाईचे खरखरीत रबर वापरल्यास मळाबरोबर सोनेही निघते. मोठ्या कार्डांचे वजन हीही एक बाजू आहे. दोन किलोंवर गेलेले कार्ड एका टोकाने स्लॉटात अडकून आडवे लोंबत असते. त्याला खालून टेकू द्यावा लागतो. बाजारात यासाठी खास खांब मिळतात. मराठी घरांत नेमक्या उंचीचा टेकू म्हणून औषधाची रिकामी बाटली चालते.

पाचवा संशयित रॅम, आणि हा सर्वांत संभावित दिसणारा. रॅममधला एखादा कण चुकीचे उत्तर देत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर ते उत्तर प्रामाणिकपणे घेऊन कोसळतो आणि अहवालात नाव ड्रायव्हरचे येते. मेमटेस्टसारखा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालवल्यावर याचा उलगडा होतो. याच वर्गात अतिउत्साह येतो. कार्डाचा किंवा रॅमचा वेग ठरल्यापेक्षा वाढवलेला असेल, तर तो आधी मूळ पदावर आणावा. ‘सहा महिने असाच चालत होता’ हा युक्तिवाद इथे ग्राह्य धरला जात नाही. चिप जुनी होते तसा तिला तोच वेग झेपेनासा होतो.

संशय पक्का करण्यासाठी ताणपरीक्षा घेतात. तीत वापरला जाणारा फरमार्क हा प्रोग्रॅम पडद्यावर एक केसाळ कडे फिरवतो, मेदूवड्याला दाढी फुटल्यासारखे. त्याचा प्रत्येक केस काढताना कार्ड घामाघूम होते, आणि उष्णतेचा किंवा कमजोर विजेचा दोष असेल तर दहा-पंधरा मिनिटांत उघडा पडतो. पण हा भार एकसुरी असतो. खेळातला भार क्षणाक्षणाला चढतो-उतरतो, त्यामुळे वड्यात उत्तीर्ण झालेले कार्ड खेळात नापास होऊ शकते. चाचणी शेवटी ज्या खेळात हँग होतो त्याच खेळात घ्यावी लागते. ‘टेस्टिंग चालू आहे’ हे मुलांचे उत्तर शास्त्रशुद्ध असते ते याच एका प्रसंगी.

सगळे निर्दोष सुटले, की उरते कार्ड. ते मित्राच्या संगणकात बसवून पाहणे हा निर्णायक पुरावा. तिथेही हँग झाले तर खटला संपतो, मैत्रीचे स्वतंत्रपणे पाहावे लागते. कार्डे खरोखर बिघडतात. जुलै २००८ मध्ये एनव्हीडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या सदोष बांधणीपोटी १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च जाहीर केला होता. गरम-गार होऊन चिपखालचे सूक्ष्म सांधे तडकत होते. अशी कार्डे ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याची पद्धत त्या सुमारास पसरली. भाजलेले कार्ड काही दिवस चालतेही, पण तडा आतच राहतो. नंतर त्याच ओव्हनमध्ये नानकटाई करू नये. सेकंडहँड कार्डांचा प्रश्न निराळा. इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था १५ सप्टेंबर २०२२ रोजी बदलली, ते मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबणारी कार्डे एकदम बेकार झाली आणि त्यांतली पुष्कळ ‘फक्त ऑफिसच्या कामाला वापरलेले’ या वर्णनासह विक्रीला आली. डॉक्टरांनी वापरलेल्या मोटारीची जाहिरात ज्यांनी वाचली आहे, त्यांना या वर्णनाचे मोल सांगावे लागत नाही.

वॉरंटी असेल तर कार्ड कंपनीकडे जाते. नसेल तर ते पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाते. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असून त्या नावाने विचारल्यास दुकान सापडायला उशीर लागतो. तिथे ‘चिप लेव्हल’वाले कारागीर भिंगाखाली सांधे तपासतात. बिघाड प्रत्यक्ष पाहायला मिळेल याची मात्र खात्री नसते, कारण दुकानाच्या वातानुकूलित हवेत, दणकट एसएमपीएसवर, कार्ड तीन तास गुणी बाळासारखे चालते. हा अपमान नसून निदान आहे : कार्ड ठीक, घरची हवा किंवा घरचा डबा दोषी.

या संपूर्ण प्रक्रियेचा नियम एकच : एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून ठेवणे. वैतागलेला मालक रविवारी सकाळी ड्रायव्हर बदलतो, धूळ काढतो, रॅम घासतो, वायरी बदलतो, वर फॉरमॅटही मारतो. हँग थांबतो. पाचांपैकी कोणी काम केले हे कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तो परतला की रविवार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हँग गेला असे कधी म्हणावे, याचेही माप आहे. रोज होणारा हँग आठवडाभर झाला नाही तर बरा झाला. आठवड्याला एकदा होणाऱ्यासाठी महिना-दीड महिना थांबावे लागते.

शेवटी राहते कॅबिनेटचे झाकण. ते लावणे हाही एक बदलच असतो, कारण झाकण लावल्याने आतली हवा बदलते; उघड्या कॅबिनेटमध्ये नीट चालणारे आणि बंद केल्यावर हँग होणारे यंत्र उष्णतेचा कबुलीजबाबच देत असते. म्हणून नियमानुसार झाकण बसवून पुन्हा चाचणी घ्यायला हवी. ही चाचणी कोणी घेत नाही. झाकण भिंतीला टेकवून ठेवले जाते, त्याचे चार स्क्रू वाटीत ठेवले जातात, आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत त्यांतले दोन उरतात.